गुलाल ग्रहाचा मुकादम

३ जुलै

ही वही सूरजनं दिली. राजारामपुरीत त्याचा गेमिंग कॅफे आहे. म्हणाला, "दर डावाला तू तीच चूक करतोस आन् माझ्या कीबोर्डावर मूठ आपटतोस. आता लिहून ठेव भावा. जहाजाचा कप्तान लिहितो तसं." कीबोर्ड त्याचा, राग माझा. म्हणून लिहितोय.

तर माझा एक ग्रह आहे. गुलालासारखा लाल, म्हणून नाव गुलाल. या गेममध्ये नुसत्या गोळ्या घालत सुटायचं नसतं. ग्रहावर माणसं वसवायची आणि कुणी खाणीत जायचं, कुणी शेतात, कुणी कारखान्यात, ते आपण ठरवायचं. वर कोपऱ्यात एक आकडा असतो, स्थैर्य. माणसं खूश असली की तो चढतो, नाराज झाली की उतरतो. पार खाली गेला की ग्रह बंड करतो, आपला झेंडा उतरवतो आणि स्वतःचा लावतो.

माझा आकडा उतरतोय. का? अन्न दिलं, घरं दिली. करमणुकीचं केंद्र बांधलं, ते पण दोन मजली. आणखी काय पाहिजे या लोकांना? सूरज म्हणतो, मी सारखी माणसं उचलून इकडची तिकडं ठेवतो म्हणून. "एक बटण हाय की, 'ज्याचं त्यानं ठरवावं'. ते दाब आन् बाकीचं बघ." मग मी तिथं काय हवा खायला बसलोय?

येताना कावळा नाक्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक लागलेला. मधे गॉगल घातलेलं एक पोरगं आणि खाली त्याच्या मित्रांची मुंडकीच मुंडकी. ती बघत उभारलो आणि उचगावची बस गेली. तो राग वेगळा.

६ जुलै

नोकरी लागली. म्हणजे आईनं लावली. आई कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या कोर शॉपमध्ये आहे, मी चड्डीत होतो तेव्हापासून. तिथल्या बायका गणपतराव नावाच्या ठेकेदाराच्या हाताखाली. आईनं त्याच्या मागं लागून लागून मला उभं केलं.

त्यानं विचारलं, "काय केलंस रं आजवर?"

आयटीआय अर्धा, गोव्यात हॉटेल, पुण्यात डिलिव्हरी, बेळगावात टायरचं दुकान. सांगताना मलाच कंटाळा आला.

"म्हंजे कुठंच टिकला न्हाईस. मग येतं काय तुला?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "माणसं लावता येतात." आणि त्याला सगळा गुलाल ग्रह सांगितला. कोण कुठं जास्त काम देतो ते बघायचं, त्याला तिथंच ठेवायचं, भार वाटायचा. तो आधी हसला. मग हसायचा थांबला.

"बारा बायका हायत. माल वेळंत निघंना झालाय. बघ लावून. म्हैनाभर बघतो तुला, कंप्युटर."

आई सगळा वेळ पदराला हात पुसत दारात उभी. बाहेर आल्यावर म्हणाली, "हितं तरी भांडू नकोस." म्हटलं, मी भांडतो कुठं? तर ती बसथांब्याकडं चालायला लागली. हे तिचं नेहमीचं.

८ जुलै

पहिला दिवस. कोर म्हणजे वाळूचा घट्ट गोळा. ओतकामात लोखंडाच्या आत जिथं पोकळ पाहिजे तिथं तो बसवतात. मशिनीतून निघाला की त्याच्या कडा कानशीनं घासायच्या, फुंकर मारायची, काळा रंग द्यायचा आणि ट्रेत ठेवायचा. दिसायला दगड, पण जरा जोर झाला की बिस्किटासारखा मोडतो. बायका लांब बाकावर ओळीनं बसतात आणि प्रत्येकीचा ट्रे तिच्यापुढं.

ओळीत मधोमध शालूबाई, माझी शालूमावशी. आई कामावर असायची तेव्हा मी हिच्याच घरी जेवायचो. नवरा गेला, पोर नाही, भावाच्या घरात राहते. भावजय बोलते तिला, पण पगार घरात येतो म्हणून बेतानं बोलते. मला बघून म्हणाली, "आलं गं मीने तुझं बाळ. मुकादमसाब, च्या घ्या." चहा देताना तिचा हात इतका थरथरला की निम्मा बशीत आला. म्हटलं, मावशी, डॉक्टरला दाखव. म्हणाली, "हात हालतोय म्हणून च्या गार होतोय, चांगलं हाय की." सगळ्या हसल्या.

मी खुर्ची घेऊन बाकाच्या टोकाला बसलो आणि हसणं बंद. दिवसभर बंद. मी उठून लघवीला गेलो की आतून आवाज यायचा, परत आलो की चिडीचूप. मी काय वाघ आहे?

आणि संध्याकाळी ट्रे बघितले. सगळ्यात कमी माल दोघींचा. एक आईच्या पलीकडची राजमतीकाकू. आणि दुसरी माझी आई.

१० जुलै

परत तेच. आईचा ट्रे निम्मा.

मला झोंबलं. घरी मेथी निवडायला बसली तर आईचा हात दिसत नाही एवढा चालतो. शेजारच्या बायका तिला लग्नाच्या घरी कांदे चिरायला नेतात. आणि तिथं बाकावर हे? माझीच आई कामचुकार? जेवताना विचारलं. "आई, तिथं हात आखडता घेतीस काय?"

तिनं भाकरी मोडली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आमटी घे आणखी."

बोलणं टाळायचं असलं की आमटी.

दुसरीकडं शालूमावशी. एवढे हात थरथरतात, तरी ट्रे पुरा भरलेला. मला तिचं कौतुक वाटलं. आईला म्हटलं सुद्धा, "जरा मावशीकडनं शीक." आई फस्सकन हसली. काय हसण्यासारखं होतं कुणास ठाऊक.

१३ जुलै

गुलालवर आज शेतातली माणसं खाणीत घातली. लोखंड वाढलं, आकडा आणखी उतरला. सूरज खुर्ची ओढून बसला.

"जित्या, ह्या माणसांवर टिचकी मारलीस काय कधी?"

"कशाला?"

"मार तर."

मारली तर एक यादी उघडली. हा अमुक, वस्ती अमुक, शेजारी तमुक. म्हणजे खेळ बनवणाऱ्याला दुसरा उद्योग नव्हता. मी बंद केली. मला आकडा पाहिजे, शेजारी कोण ते घेऊन काय करू?

"मग पडणार तुझा ग्रह," सूरज म्हणाला आणि वडापाव आणायला गेला. त्या गाड्यावर नवीन पोरगा आलाय, मिरची तळताना मीठच घालत नाही. त्याच्याशी भांडायला मी पण गेलो, आणि आलो तोवर खाणीत संप.

१५ जुलै

आज नवी मांडणी लावली. आपली आई म्हणून सोडलं असं कुणी म्हणू नये, म्हणून पहिली आईच उचलली. तिला भिंतीकडच्या दुसऱ्या बाकावर एकटी बसवली, कुणाशी गप्पा नकोत. राजमतीकाकूला आणि आणखी दोघींना दुपारच्या पाळीत टाकलं, म्हणजे मशीन रिकामं राहत नाही. शालूमावशी हुकमी, म्हणून तिला तिथंच ठेवली आणि तिच्या दोन्ही बाजूंना रंगकामाच्या नव्या पोरी बसवल्या, मावशीचं बघून शिकतील म्हणून.

याद्या वाचल्या. फक्त मावशी म्हणाली, "मीनीला हितंच असूं दे की रं."

"का?"

तिनं आईकडं बघितलं. आईनं मान हलवली, नको अशी. मग मावशी म्हणाली, "असंच. सवय हाय."

सवयीवर कारखाने चालत नाहीत म्हटलं. माझ्या तोंडून अगदी गणपतरावचं वाक्य निघालं. बरं वाटलं.

१६ जुलै

बघा! एका दिवसात आईचा ट्रे दुप्पट! दुप्पटीच्याही वर! भिंतीला एकटी बसून तिनं अख्ख्या बाकाला मागं टाकलं. म्हणजे माझं बरोबर होतं, गप्पा नडत होत्या. गणपतराव येऊन बघून गेला, पाठीवर थाप मारली. "कंप्युटर चालतोय म्हणायचा."

मी आईला म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, "बघालोय की. तू बघालाईस काय?"

उलट बोलायची खोड.

१८ जुलै

शालूमावशीचं काय बिनसलंय कळेना. ट्रेत मूठभर कोर आणि पायाशी मोडक्या कोरांचा ढीग. काल तसंच, परवा तसंच. शेजारच्या पोरी बघत बसतात. मी म्हटलं, "मावशी, माझ्यावर राग काढालीस व्हय?"

"न्हाय रं बाळा. हात ऐकंना."

"गेल्या हप्त्यात ऐकत होता की."

तर ती हसली. तिचे डोळे भरलेले होते, वाळू गेली असणार.

राजमतीकाकूचं वेगळंच. त्या जैन, दिवस बुडाल्यावर अन्न तोंडात घालत नाहीत, आणि आता त्यांचा चातुर्मास. दुपारच्या पाळीची जेवणाची सुट्टी मी ठेवली साडेसातला. तीन दिवस बाई उपाशी घरी गेली आणि बोलली नाही. आज चक्कर आली तेव्हा कळलं. मी ओरडलो, "सांगायचं की काकू!" त्या म्हणाल्या, "सांगायला काय हाय त्यात? कोल्हापुरातच वाढलाईस न्हवं तू?"

आता मला कसं लक्षात राहणार? गुलालला दोन सूर्य आहेत. तिथं दिवस बुडतच नाही.

काकूंची सुट्टी सहाला केली. एवढं केलं तरी कुणी बरं म्हटलं नाही.

२१ जुलै

गणपतरावनं मला केबिनमध्ये बोलावलं. मोडक्या कोरांचा ढीग त्यानं बघितला होता.

"ही म्हातारी मोडकळीला आली. उद्यापास्नं नको."

म्हटलं, "एवढी वर्षं चांगलं काम करत होती."

"होती. आता न्हाय. तूच मांडणी केलीस आन् तूच शोधून काढलंस. शाबास. जा, सांग तिला."

"मी?"

"मुकादम कोण हाय? मी काय बायकांची तोंडं बघत बसू?"

मी सांगितलं, गेटपाशी, ती बसमध्ये चढत असताना, म्हणजे लांबण लागू नये. ती पायरीवर थांबली. मला वाटलं शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "जेवलास का दुपारी?" आणि आत जाऊन खिडकीशी बसली.

माझ्या डोक्यात असं काही भडकलं की सरळ चालत सुटलो. हायवेनं. गोकुळ शिरगाव ओलांडलं तेव्हा कळलं, डबा तिथंच राहिला.

२२ जुलै

आई बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही. मी विचारलं, "मी काय केलं? ठेकेदारानं काढलं. मी नुसता निरोप सांगितला."

ती भांडी विसळायला बसली.

"तिचा ट्रे रिकामा होता आई! मी डोळ्यांनी बघितला!"

तेव्हा बोलली. "डोळ्यांनीच बघितलास." आणि दिवा मालवला.

२३ जुलै

गुलाल गेला. कॅफेत बसलो होतो आणि आकडा खाली-खाली. सैन्य पाठवलं, आणखी खाली. करमणुकीचं तिसरं केंद्र बांधायला घेतलं तर ते बांधायला माणसं येईनात. मग पडद्यावर पाटी आली: वस्तीनं स्वातंत्र्य जाहीर केलं आहे. त्यांचा झेंडा निळा. माझ्या खाणी, माझी घरं, माझं दोन मजली केंद्र, सगळं त्यांचं. मी मूठ आपटली. सूरजचा कीबोर्ड तुटला.

तो ओरडला नाही. म्हणाला, "जित्या, घरी सगळं बरं हाय न्हवं?"

त्याच्यावरच ओरडलो. त्याचा काय संबंध?

२४ जुलै

आज जे झालं तसलं मी कुठल्या ग्रहावर बघितलं नाही.

सकाळी बायका आल्या, दुपारच्या पाळीच्या पण त्यांच्यातच, मी लावलेल्या जागेवर निमूट बसल्या. कानशी चालू. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी काम थांबवलं नाही. मी म्हटलं, चला, निवल्या एकदाच्या. आणि दुपारी ट्रे बघितले तर प्रत्येकीच्या ट्रेत मूठभर कोर. सगळ्यांचे सारखे. आईचा पण तेवढाच. शालूमावशीचा शेवटच्या दिवशी जेवढा होता, अगदी तेवढा.

मी बाकाबाकावर फिरलो. "काय चाललंय हे?"

राजमतीकाकू म्हणाल्या, "काम चाललंय."

"एवढंच?"

"हात ऐकंना," पलीकडची म्हणाली. मग तिसरी म्हणाली, हात ऐकंना. ओळीनं सगळ्या. तोंडावर हसू नाही. आई भिंतीकडं तोंड करून घासतेय, हळू, एकेक कड, जसा काही सोन्याचा दागिना.

माल न्यायला आलेला टेम्पो दारात उभा. कंपनीच्या साहेबाचा फोनवर फोन. गणपतराव केबिनमधून आला तो लालभडक होऊन.

"कोण म्होरकी हाय ह्यातली? कोण?"

बायका घासतायत.

मग माझ्याकडं वळला. "कंप्युटर, तू दिवसभर खुर्ची टाकून बसतोस. तुला म्हाईत असणार. नाव सांग. नाव सांगितलंस तर तू पक्का. न्हाईतर जा आपल्या ग्रहावर."

मला माहीत होतं. बघायची गरज नव्हती. काल रात्री आई कधी नव्हे ती शेजारणीचा फोन मागून घेऊन परसात तासभर बोलत होती.

गणपतराव म्हणाला, "तुझी आईच न्हवं? मला वाटलंच. ह्या असल्या बायका..." आणि पुढं जे बोलला ते लिहीत नाही.

मी म्हटलं, "मीच सांगितलं त्यांना."

"काय?"

"हळू करा म्हणून. माझी मांडणी चुकली. मला बघायचं होतं आकडा कुठवर उतरतोय. गेममधी असंच करतात."

हे मी काही चांगुलपणानं केलं नाही. त्याचं ते बोलणं डोक्यात गेलं म्हणून केलं, एवढंच. त्यानं माझी गचांडी धरली, मी त्याची धरली, वॉचमननं दोघांना सोडवलं. नोकरी गेली. महिना पण भरला नाही.

जाताना मागून राजमतीकाकूंचा आवाज ऐकू आला. "गणपतराव, माल आज पायजे असंल तर शालूबाईला फोन लावा. आन् आमी आमच्या जागंवर बसणार."

आणि त्यानं लावला! टेम्पो दारात होता, लावणार नाही तर काय करेल. म्हणजे त्या बायकांना माझी गरजच नव्हती. मग मी कशाला मधे पडलो?

२६ जुलै

आई बोलायला लागली. पहिलं वाक्य: "सूरजचा कीबोर्ड भरून दे." म्हणजे सूरजनं इथं पण चुगली केली.

कॅफेत गेलो. लांबून गुलाल बघितला. आता तो दुसऱ्याचा देश, त्याला हात लावता येत नाही, नुसतं बघता येतं. स्थैर्य मस्त वर. सगळे जिथल्या तिथं. शेतात शेतातले, खाणीत खाणीतले. माझं तिसरं केंद्र त्यांनी अर्धवटच सोडलंय. पडद्यावर विचारत होतं: आक्रमण की मान्यता? मी शिवी दिली आणि मान्यता दाबली. सूरजनं बघितलं आणि माझ्यासाठी चहा सांगितला. शहाणा आहे तो, कधीमधी.

३० जुलै

आज आई डबा विसरून गेली. आई डबा विसरत नाही, पण आज ओट्यावरच होता. सूरजची गाडी मागून कागलला गेलो.

वॉचमन म्हणाला, "गचांडी धरायला आलास व्हय परत?" डबा दाखवला. गणपतराव साइटवर नव्हता. म्हणून वॉचमननं आत सोडलं.

कोर शॉपच्या दारात उभारलो. बायकांची पाठ माझ्याकडं. सगळ्या जुन्या जागेवर. आई मधे, एका बाजूला राजमतीकाकू, दुसऱ्या बाजूला शालूमावशी. दंगा चाललेला, कुणाच्या तरी सुनेची गोष्ट, कुणी पण कुणाचं ऐकत नव्हतं. मावशीच्या हातात कोर थरथरत होता. मोडला. ती खाली वाकून तुकडे गोळा करायला लागली आणि आईनं बोलता-बोलता, न बघता, स्वतःच्या ट्रेतला एक उचलून तिच्या ट्रेत सरकवला. मग राजमतीकाकूंनी त्यांच्यातला एक आईकडं. जसं कुणी पंगतीत मीठ पुढं ढकलावं तसं.

मी तिथंच उभा. मी खुर्ची टाकून बसायचो तेव्हा बाईमाणूस बोलत सुद्धा नव्हतं, पण हे सरकवणं माझ्या पाठीमागं चालू असणार. मी लघवीला गेलो की. चहाला गेलो की. गेटवरच्या वॉचमनशी भांडायला कुणी दिवसातनं दहादा जातं का? मी जायचो.

मला असला संताप आला! एवढं साधं होतं! बारा जणींपैकी एकीनं, एकीनं तरी सांगायचं!

मावशीनं वळून बघितलं. "आगं मीने, पावणं आलंय. काय रं, लग्नाला आल्यासारखा दारात उभारलाईस? आत ये."

"डबा द्यायला आलतो."

"मग दे की."

डबा दिला. आईला म्हटलं, "मला सांगितलं का न्हाईस?"

"तू इचारलंस कवा? तू सांगतच हुतास."

"विचारलं होतं. आमटी वाढलीस."

राजमतीकाकू खदखदून हसल्या. मग सगळ्याच. आईनं बाकावर सरकून वीतभर जागा केली, मावशीच्या आणि तिच्या मधे. एक कानस माझ्याकडं टाकली. "टेम्पो चारला येतोय. रिकामा हाईस न्हवं? बस."

बसलो. काय करणार. मावशीनं एक रिकामा ट्रे माझ्यापुढं ओढला. मी कोर उचलला, कड घासली, दोनदाच, आणि हातातच मोडला. वाळू मांडीवर.

आई राजमतीकाकूंना सुनेचं पुढं सांगत होती. सांगता-सांगता, माझ्याकडं न बघता, तिनं तिच्यातला एक माझ्या ट्रेत सरकवला.

मला लय राग आला. दुसरा कोर घेतला.